डीव्हीडी आपली, किल्ली कोणाची?



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या आळीतला नववीत शिकणारा एक मुलगा हातात डीव्हीडी घेऊन माझ्याकडे आला. रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीचे चित्रण तिच्यात होते. त्या चित्रणात पालखीबरोबर चालणारे त्याचे आजोबा आता हयात नाहीत. "काका, डीव्हीडी खराब झाली वाटतं. संगणकावर काहीच दिसत नाही," तो म्हणाला. घरचा जुना डीव्हीडी प्लेअर केव्हाच भंगारात गेला होता.

खराब झाली असे म्हणण्यापूर्वी आम्ही एक साधी परीक्षा घेतली. डीव्हीडी संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घालून तिच्यावरील फाइलींची यादी उघडली. यादी दिसली. त्यांतली सर्वांत मोठी फाइल संगणकात उतरवूनही घेता आली. याचा अर्थ तबकडी शाबूत होती आणि ती वाचणारा लेसरही शाबूत होता. वाचलेल्या आकड्यांचे चित्र करून दाखवणारे सॉफ्टवेअर मात्र त्या संगणकात नव्हते. दोष वस्तूत आहे, यंत्रात आहे की आज्ञावलीत, हे असे एकेक कारण बाजूला काढून ठरवावे लागते.

या सॉफ्टवेअरचे काम काय? डीव्हीडीवर सूक्ष्म खळग्यांची एक लांबलचक सर्पिल रेघ असते. तिच्या लगतच्या दोन वेढ्यांतील अंतर अवघे ०.७४ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा लेसर ते खळगे वाचतो. एका थराच्या तबकडीत सुमारे ४७० कोटी बाइट माहिती मावते. आता एक गणित करा. आपल्याकडील डीव्हीडीवरील एका चित्रात ७२० × ५७६ बिंदू असतात आणि सेकंदाला अशी २५ चित्रे दाखवली जातात. प्रत्येक बिंदूला ३ बाइट धरले, तर सेकंदाला सुमारे ३ कोटी ११ लाख बाइट लागतील आणि अख्खी तबकडी अडीच मिनिटांत संपेल! तरीही तिच्यात दोन तासांचा चित्रपट मावतो, कारण चित्रे एमपीईजी-२ या पद्धतीने दाबून साठवलेली असतात. ती पुन्हा उलगडणे हेच सॉफ्टवेअरचे काम होय.

मग हे सॉफ्टवेअर प्रत्येक संगणकात का नसते? या पद्धतीवर अनेक पेटंटे होती व ती वापरण्याबद्दल पैसे मोजावे लागत. अमेरिकेतील त्यांपैकी शेवटची पेटंटे २०१८ साली संपली. पण तोवर डीव्हीडीचा जमाना ओसरला होता.

विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डीव्हीडींची गोष्ट आणखी निराळी आहे. त्यांपैकी बहुतेकींना आकड्यांचे एक कुलूप असते. शिवाय जगाचे विभाग पाडलेले आहेत : भारत पाचव्या विभागात, तर संयुक्त अरब अमिराती दुसऱ्या. त्यामुळे दुबईहून मामाने पैसे मोजून आणलेली डीव्हीडी इथल्या यंत्रात अडून बसू शकते. यात पदार्थविज्ञानाचा काही संबंध नाही. दोन्हीकडचे खळगे सारखेच. हा निव्वळ व्यापाराचा नियम आहे.

या कुलपाची किल्ली ४० बिटांची, म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यतांपैकी एक. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. परंतु १९९९ साली योन योहानसेन या १५ वर्षांच्या नॉर्वेजियन मुलाने काही अनाम साथीदारांसह हे कुलूप उघडणारा प्रोग्राम जगापुढे ठेवला. त्याच्यावर खटला झाला आणि २००३ साली तो निर्दोष सुटला. स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी स्वतःच्या संगणकावर पाहणे हा गुन्हा नव्हे, असे न्यायालयाने मानले.

आता मुख्य प्रश्न : सॉफ्टवेअर कोणते निवडावे? माझे मत स्पष्ट आहे. ज्याची आज्ञावली सर्वांना वाचता येते, तेच निवडावे. व्हीएलसी हे त्याचे उत्तम उदाहरण. १९९६ साली पॅरिसच्या एकोल सेंत्राल या संस्थेतील विद्यार्थ्यांनी हा प्रकल्प सुरू केला आणि २००१ साली त्याची आज्ञावली मुक्त परवान्याखाली जगाला देऊन टाकली. विकतचे सॉफ्टवेअरही चित्र चांगले दाखवते, हे मी नाकारत नाही. पण ते बनवणाऱ्या कंपनीने उद्या काम थांबवले तर आपण काय करणार? मुक्त आज्ञावली दुसरा कोणीही पुढे चालवू शकतो. २०२२ साली व्हीएलसीचे संकेतस्थळ भारतात फेब्रुवारीपासून कित्येक महिने उघडत नव्हते. नोव्हेंबरात ते पुन्हा खुले झाले. त्या काळातही ज्यांच्या संगणकात व्हीएलसी आधीच होते, त्यांचे काम अडले नाही.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. फुकट आणि मुक्त हे शब्द एक नव्हेत. कुठल्याही अनोळखी ठिकाणाहून 'फुकट प्लेअर' उतरवाल, तर सोबत नको ती बांडगुळे येतील. म्हणून मूळ निर्मात्यांच्या संकेतस्थळावरूनच घ्या. दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, दुसऱ्याचा हक्क बुडवण्याच्या हेतूने असे कुलूप तोडणे हा गुन्हा आहे. चित्रपटाच्या प्रती काढून वाटणे याला मी मुक्तता म्हणत नाही.

घरच्या चित्रणाला मात्र सहसा कुलूप नसते. त्या मुलाच्या डीव्हीडीलाही नव्हते. व्हीएलसी बसवल्यावर पालखी दिसू लागली आणि तिच्यामागे पांढऱ्या टोपीतले आजोबा चालत आले. मुलाने पळत जाऊन आजीला बोलावून आणले.

तुमच्याही कपाटात लग्नाच्या, स्नेहसंमेलनाच्या अशा डीव्हीडी पडून असतील. घरी लिहिलेल्या डीव्हीडीतील रंगद्रव्याचा थर काळाने बिघडतो. ऊन आणि कोकणातली दमट हवा त्याला मानवत नाही. म्हणून या सुट्टीत त्या बाहेर काढा, मुक्त सॉफ्टवेअरने लावून पाहा आणि चालतात तोवर त्यांची प्रत संगणकात व आणखी एका ठिकाणी उतरवून ठेवा. प्रत्येकीवर साल आणि प्रसंग लिहायला विसरू नका.