तोंदिबीच्या आधीचा पराभव

नायजर नदीकाठी, गाओ शहराजवळ तोंदिबीच्या मैदानात मार्च १५९१ मध्ये सोंघाई साम्राज्याचा कणा मोडला. मोरोक्कोचा सुलतान अहमद अल-मन्सूर याने जुदर पाशाच्या हाताखाली सुमारे ४,००० सैनिक सहारा ओलांडून धाडले होते. सोंघाईच्या सेनेने शत्रूवर गुरांचे कळप सोडले. बंदुकांच्या आवाजाने बिथरलेली गुरे उलटी फिरली आणि सोडणाऱ्यांच्याच फळीत घुसली. बंदुकांपुढे भाले हरले, एवढेच यातून सांगितले जाते. आम्हाला ते अपुरे वाटते.

सोंघाईचा राजा सोन्नी अली याने १४६८ मध्ये तिंबक्तू घेतले, पुढे ‘आस्किया’ हा राजकिताब घेतलेल्या मुहम्मदने कारभाराची घडी बसवली. पण त्याच्यामागे गादीवर कोण, हे कधीच पक्के झाले नाही. खुद्द मुहम्मदला पोटच्या मुलाने पायउतार केले आणि भाऊबंदकी राज्याच्या पाचवीलाच पुजली. १५८८ मध्ये पश्चिमेकडचे सरदार बंड करून उठले. ते मोडून काढताना राज्याने आपलीच कसलेली फौज आणि त्या प्रांतांची निष्ठा गमावली. तीनच वर्षांत मोरोक्कन दारात उभे राहिले. मग बंदुकांना महत्त्व नव्हते का? होते, तोंदिबी त्यांनीच जिंकली. पण एका लढाईने एवढे विस्तीर्ण राज्य कोसळायला नको होते. पराभवानंतर तेव्हाचा राजा आस्किया दुसरा इस्हाक यालाही त्याच्याच लोकांनी दूर सारले. दक्षिणेला देंडी प्रदेशात मात्र आस्किया नूहने याच बंदुकांशी वर्षानुवर्षे झुंज दिली आणि मोरोक्कनांना तिथे पाय रोवू दिले नाहीत.