निकाल पब्लिक असतो म्हणे!

दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी माझ्या भाचीसाठी ताईला चार क्लासवाल्यांचे फोन आले. पेढ्यांचा बॉक्स अजून उघडायचा होता! एकाने तर गणिताचे मार्कही सांगितले. ताईने विचारलं, "तुम्हाला कसे कळले?" तर म्हणे, "मॅडम, निकाल पब्लिक असतो ना."

मला या वाक्याशी भांडायचंय.

परीक्षा सार्वजनिक असते, माझ्या भाचीचे मार्क नव्हेत. बोर्डाच्या साइटवर निकाल बघायला बैठक क्रमांक आणि आईचं नाव लागतं. म्हणजे निकाल घरच्यांनी बघायचा, हे बोर्डालाही मान्य आहे. फक्त कुलूप तकलादू. आईचं नाव अख्ख्या वर्गाला ठाऊक असतं!

मग काय सगळंच झाकून ठेवायचं? मुळीच नाही. २०२४ ची नीट आठवा. ४ जूनच्या निकालात ७२० पैकी ७२० मिळवणारे ६७ जण, पेपरफुटीचे आरोप, मुलं कोर्टात. १८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने एनटीएला सांगितलं, शहरवार आणि केंद्रवार मार्क जाहीर करा, पण मुलांची ओळख झाकून. २० जुलैला ती आकडेवारी सगळ्यांसमोर आली. कुठल्या केंद्रावर काय झालं, हे कुणालाही तपासता आलं. सगळ्यांची फेरपरीक्षा झाली नाही, तो निकाल कुणाला पटो न पटो. पण रस्ता मात्र अगदी बरोबर होता. आकडे उघडे, नावं झाकलेली.

ते आकडे क्लासवाल्यांनाही मिळाले. मिळू देत की! जे त्यांना मिळेल ते पालकांना, शिक्षकांना, पत्रकारांनाही त्याच दिवशी, फुकट मिळावं, एवढंच.

नावानिशी मार्क हवेत? मग त्या मुलाला विचारा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियम केलाच आहे, की यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो-नाव जाहिरातीत वापरायचं तर निवड झाल्यावर त्याची लेखी संमती घ्या. पहिल्या आलेल्याला हे संरक्षण. आणि नापास झालेल्याला?

हा प्रश्न उगाच नाही विचारत. भाचीच्या मैत्रिणीचे दोन विषय राहिले. घरी कसं सांगावं, म्हणून ती आमच्याकडेच बसून होती. तेवढ्यात तिच्या बाबांना कामावर फोन गेला, "तुमच्या मुलीसाठी फेरपरीक्षेची खास बॅच आहे."

बाबांना निकाल असा कळला.

तिला स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं हो. तेवढा तरी हक्क तिचा होता की नाही? मंडळी, तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा. आणि पुढच्या वेळी कुणी "निकाल पब्लिक असतो" म्हणालं, तर त्याला त्याचे स्वतःचे दहावीचे मार्क विचारा. मी विचारले होते. फोन कट झाला.