आपली भाषा, दुसऱ्याची भाषा

एका देशाच्या संसदेने दुसऱ्या देशातील माणसांच्या हक्कांविषयी बोलावे का? काही जण म्हणतात, “प्रत्येकाने आपले घर सांभाळावे. शेजाऱ्याच्या घरात डोकावू नये.” वरवर पाहता हे म्हणणे शहाणपणाचे वाटते. पण शेजारच्या घरातून रडण्याचा आवाज येत असेल, तर आपण दार लावून स्वस्थ बसावे का? मला वाटते, बसू नये. आपण बोलले पाहिजे. मात्र बोलणाऱ्याने एक अट पाळली पाहिजे. ती अट कोणती, हे एका खऱ्या घटनेच्या आधारे पाहू.

तुर्कस्तान, इराक, इराण आणि सीरिया या चार देशांत कुर्द लोक राहतात. त्यांची संख्या काही कोटी आहे. त्यांची कुर्दी भाषा फारसीची बहीण आहे. म्हणून तिच्यातील अनेक शब्द तुम्हांला ओळखीचे वाटतील. कुर्दी भाषेतही हृदयाला ‘दिल’ आणि रोटीला ‘नान’ म्हणतात. तुम्ही जिला ‘जबान’ म्हणता, तिला कुर्द लोक ‘झिमान’ म्हणतात.

तुर्कस्तानात या भाषेला फार वाईट दिवस पाहावे लागले. ‘एक देश, एक भाषा’ असे तेथील राज्यकर्त्यांचे धोरण होते. १९८३ साली झालेल्या एका कायद्याने कुर्दीसारख्या भाषांच्या वापरावर बंदी आणली. ही बंदी १९९१ साली उठली. पण शाळेत, दूरदर्शनवर आणि सरकारी कामात कुर्दीला जागा मिळाली नाही. कुर्दी लिहिताना जी तीन रोमन अक्षरे लागतात, पण तुर्की वर्णमालेत नाहीत, त्यांच्या वापरावरील बंदी तर २०१३ पर्यंत होती.

१९९१ च्या निवडणुकीत दियारबाकिर भागातून लैला झाना निवडून आल्या. तुर्की संसदेत निवडून आलेल्या त्या पहिल्या कुर्द स्त्री होत्या. ६ नोव्हेंबर १९९१ रोजी त्यांनी नियमाप्रमाणे तुर्की भाषेत शपथ घेतली. मग त्यांनी एक वाक्य कुर्दी भाषेत जोडले. तुर्की आणि कुर्द लोकांच्या बंधुभावासाठी आपण ही शपथ घेत आहोत, असा त्या वाक्याचा अर्थ होता. सभागृहात एकच गोंधळ उडाला. वाक्य बंधुभावाचे होते, तरी ते कोणत्या भाषेत उच्चारले, यावरच सारे भांडण झाले!

पुढे १९९४ मध्ये झाना यांचे संसदीय संरक्षण काढून घेण्यात आले. सशस्त्र बंडखोर संघटनेशी संबंध असल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. त्यांनी तो नाकारला. तरीही त्यांना व त्यांच्या तीन सहकाऱ्यांना पंधरा वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. तुर्की सरकारची बाजूही आपण लक्षात घेतली पाहिजे. १९८४ पासून तेथे सशस्त्र बंड चालू होते आणि त्यात हजारो माणसे मेली होती. देश फुटेल, ही भीती सरकारला वाटत होती. पण बंदुकीचा बंदोबस्त करणे वेगळे आणि भाषेचे तोंड बांधणे वेगळे. आईच्या भाषेत बोलणारे प्रत्येक मूल काही बंडखोर नसते.

या प्रश्नाची चर्चा युरोपीय संसदेत झाली. ही संसद युरोपातील अनेक देशांचे मतदार मिळून निवडतात. जगात कोठे मानवी हक्कांवर घाला पडला, तर ती त्यावर चर्चा करते आणि ठराव मांडते. रशियन शास्त्रज्ञ आंद्रेइ साखारॉव्ह यांच्या नावाने ती दरवर्षी एक पुरस्कारही देते. १९९५ सालचा पुरस्कार तिने तुरुंगात असलेल्या लैला झाना यांना दिला.

‘हा परक्यांचा हस्तक्षेप आहे,’ असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. १९४८ साली संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. भाषेच्या कारणावरून कोणाशीही भेदभाव करू नये, असे त्याच्या दुसऱ्या कलमात सांगितले आहे. तुर्कस्तानने या जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले होते. भारतानेही दिले होते. जे वचन सर्वांसमोर दिले, त्याचे काय झाले, हे विचारण्याचा हक्क सर्वांना आहे.

मग अशा चर्चांचा उपयोग होतो का? होतो, पण सावकाश. आणि बोलणारा डळमळला, तर आणखी सावकाश. झाना यांना पुरस्कार दिला, त्याच वर्षीच्या डिसेंबरात युरोपीय संसदेने तुर्कस्तानशी होणाऱ्या व्यापारी कराराला संमती दिली. झाना मात्र तुरुंगातच राहिल्या. पुढे तुर्कस्तानला युरोपीय संघात प्रवेश हवा होता. अल्पसंख्याकांच्या हक्कांचे रक्षण ही त्या प्रवेशाची एक अट होती. तेव्हा कायदे बदलू लागले. जून २००४ मध्ये झाना सुटल्या आणि त्याच महिन्यात तेथील सरकारी दूरदर्शनवर कुर्दी कार्यक्रम सुरू झाले. २०१२ पासून शाळेत कुर्दी हा ऐच्छिक विषय म्हणून शिकता येऊ लागला. पण त्या देशाच्या राज्यघटनेतील कलम ४२ मुळे सरकारी शाळेत कुर्दी माध्यमातून शिक्षण आजही मिळत नाही. लढाई अर्धीच जिंकली गेली आहे.

आता सुरुवातीला सांगितलेल्या अटीकडे वळू. युरोपीय संसदेचे अधिवेशन फ्रान्समधील स्ट्रासबर्ग शहरात भरते. याच शहरात १९९२ साली युरोप परिषद नावाच्या दुसऱ्या एका संस्थेने अल्पसंख्य भाषांच्या रक्षणाची सनद सह्यांसाठी खुली केली. फ्रान्सने १९९९ साली त्या सनदेवर सही केली, पण तिला अंतिम मान्यता अजून दिलेली नाही. ‘प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे,’ असे त्याची राज्यघटना सांगते. ब्रेतों ही तेथील एक जुनी भाषा. स्ट्रासबर्गच्या परिसरात अल्सेशियन बोलली जाते. या भाषा बोलणारे लोक विचारतात, “कुर्दांची काळजी करता, मग आमची का नाही?” या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? आपल्याकडे म्हण आहे : दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही.

म्हणून माझे मत असे : दुसऱ्या देशातील अन्यायाविरुद्ध जरूर बोलावे; पण ज्या मापाने दुसऱ्याला मोजतो, त्याच मापाने स्वतःलाही मोजावे. हीच ती अट. ती पाळली नाही, म्हणजे खरे बोलसुद्धा पोकळ वाटतात.

मित्रांनो, हे माप आपल्याही हाती घेऊ या. तुम्ही उर्दू माध्यमातून शिकता आणि मराठीही शिकता. कोणी तुमच्यावर उपकार केले म्हणून हे घडत नाही. आपली भाषा जतन करण्याचा हक्क भारतीय राज्यघटनेच्या कलम २९ ने दिला आहे. आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क अल्पसंख्याकांना कलम ३० ने दिला आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी राज्यांनी प्रयत्न करावा, असे कलम ३५० क सांगते. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहेत.

पण गडचिरोलीच्या जंगलात राहणाऱ्या, घरी गोंडी बोलणाऱ्या मुलाचे काय? मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या मुलीचे काय? २०११ च्या जनगणनेत २९ लाखांहून अधिक लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा सांगितली. तरी गोंडी आणि कोरकू या भाषा आठव्या अनुसूचीत नाहीत. ही मुले पहिलीच्या वर्गात येतात, तेव्हा गुरुजींचे पहिलेच वाक्य त्यांतील अनेकांना कळत नाही. ती गप्प बसतात. लोक त्यांना मंद समजतात. खरे तर ती मंद नसतात. आपण त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोललेलो नसतो.

ज्याला स्वतःच्या भाषेची गोडी कळली, त्यालाच दुसऱ्याच्या भाषेचे दुःख लवकर कळावे. उद्या तुम्ही मतदार व्हाल. तुमच्यापैकी कोणी शिक्षक होईल, कोणी वकील होईल, कोणी आमदार किंवा खासदारही होईल. तेव्हा आपल्या भाषेसाठी तर बोलाच. पण जिच्यासाठी बोलणारे सभागृहात कोणीच नाही, त्या भाषेसाठीही उभे राहा. ती भाषा दूरच्या देशातली असो की शेजारच्या जिल्ह्यातली. आपण दुसऱ्याच्या भाषेला जागा दिली, तर आपल्या भाषेसाठी जागा मागताना आपली मान ताठ राहील.