म्हादईचा काठ टीएमसीत मोजता येत नाही

म्हादईचा विषय निघाला की चर्चा टीएमसीवर येऊन थांबते. लवादाने १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. कर्नाटकच्या वाट्यातले ३.९ टीएमसी कळसा (१.७२) आणि भांडुरा (२.१८) नाल्यांतून मलप्रभेकडे वळवायचे आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये निवाडा राजपत्रात आला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने आराखड्याला मान्यता दिली आणि वाद पुन्हा पेटला. या सगळ्या गणितात काठावरच्या झाडाझुडपांचा रकाना मात्र कुठेच नाही.

दोन टक्क्यांची गोम

लवादाने खोऱ्यात ७५ टक्के विश्वासार्हतेचे १८८.०६ टीएमसी पाणी धरले. त्यातले ३.९ म्हणजे जेमतेम दोन टक्के. मग एवढ्याने काय बिघडतंय, असा सवाल साहजिकच येतो. पण हे पाणी सगळ्या खोऱ्यातून थोडं थोडं उचललं जाणार नाही. ते खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी आणि नेरसे भागातून, म्हणजे उगमाकडच्या लहान नाल्यांतून घेतलं जाणार. त्या नाल्यांच्या खालच्या काठासाठी हिशेब दोन टक्क्यांचा राहत नाही.

शिवाय काठावरची झाडं वर्षाच्या बेरजेवर नाही, पाण्याच्या वेळेवर जगतात. वाळुंजाचं बी फार दिवस टिकत नाही. त्याला पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली ओली गाळमाती वेळेत मिळावी लागते. पात्रातल्या खडकांत मुळं रोवणारी शेरणी पुरात वाकते, पण उखडत नाही. तिथं टिकू न शकणारी इतर झाडोरा पूर धुऊन नेतो, म्हणून तिला जागा राहते. पुराचा जोर कमी झाला की हीच जागा दुसरी झाडं बळकावतात.

नदी बी वाहून नेते, हेही विसरता येत नाही. स्वीडनच्या उमिओ विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी उत्तरेकडच्या धरणबद्ध नद्यांचे काठ मुक्त नद्यांशी ताडून पाहिले. धरणांच्या नद्यांवर ठिकठिकाणी वनस्पतींच्या जाती कमी भरल्या. एकाच नदीवरच्या शेजारशेजारच्या जलाशयांचे काठही एकमेकांपासून वेगळे होत गेल्याचं आढळलं, कारण तरंगत येणारं बी भिंतीपाशी अडतं. तिथला बर्फाचा पूर आणि सह्याद्रीचा पावसाळा एक नव्हे, त्यामुळे तिथले आकडे इथं चिकटवता येणार नाहीत. पण बी अडण्याची रीत दोन्हीकडे तीच.

खाली समुद्राकडे प्रश्न खाऱ्या पाण्याचा आहे. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्याभोवतालची तिवरं आणि कांदळ गोड-खाऱ्याच्या मेळावर उभी आहेत. वरून गोडं पाणी घटलं तर खारं पाणी आत सरकतं आणि कमी क्षार सोसणाऱ्या जातींना मागे हटावं लागतं.

दोष एकाच राज्याचा नाही

हुबळी-धारवाडची तहान खोटी नाही. आणि गोव्यानेही अंजुणे धरण बांधलं, नद्यांवर बंधारे घातले. तिळारी तर महाराष्ट्र आणि गोव्याचा संयुक्त प्रकल्प. म्हणजे नदी अडवण्यात कुणीच मागे नाही. म्हणूनच काठाचा प्रश्न शेजाऱ्याला झोडपायचं हत्यार ठरू नये.

२०२३ मध्ये केंद्राने तिन्ही राज्यांसाठी 'प्रवाह' प्राधिकरण नेमले. काठाची नोंद घ्यायची तर ती इथंच मागता येईल. काम सुरू होण्याआधी नाल्यांच्या दोन्ही तीरांवर कोणत्या जाती आहेत याची यादी व्हावी आणि पाणी कधी, किती सोडायचं हे त्या यादीवरून ठरावं. नंतर केलेल्या यादीत जे आधीच गेलं, ते सापडणार नाही. कणकुंबीचा काठ आणि सत्तरीचा काठ यांच्यामध्ये हद्द आखली आहे ती माणसांनी. वाहून येणाऱ्या बियांना ती ठाऊक नाही.