आधी पाणी तपासा, मग मिस्त्रीला बोलवा

सदाशिव पेठेत घरामागे पोहण्याचा तलाव शोधायला गेलात तर दुसऱ्याच्या स्वयंपाकघराची खिडकी सापडेल. पण पेठेतल्या अनेकांनी मुळशी-पानशेतच्या बाजूला फार्महाऊस बांधलं आहे, अंगणात निळ्या टाइलचा तलाव केला आहे, आणि उन्हाळ्याआधी तिथून एकच तक्रार येते. टाइलांमधल्या फटी उघड्या पडल्या, पाण्याच्या रेषेजवळच्या दोन-चार टाइल निघून आल्या. मग मिस्त्री येतो, ॲसिडने घासतो, पांढरं सिमेंट भरतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. यात मिस्त्रीला शिव्या बसतात. बहुतेक वेळा खरा गुन्हेगार तलावातलं पाणी असतं, आणि त्याची चौकशी कुणी करत नाही.

सांध्यांत भरतात ते ग्राउट सहसा सिमेंटचं असतं. सिमेंट घट्ट होताना त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चुनाच, तयार होतो. पाण्यात कॅल्शियम कमी असेल तर ते पाणी ही उणीव सांध्यातून भरून काढतं. जास्त असेल तर उलट होतं: टाइलवर पांढरा खरखरीत थर चढतो. पाणी कोणत्या बाजूला झुकलं आहे, हे सांगणारं सूत्र अमेरिकेतले विल्फ्रेड लँगलियर यांनी १९३६ मध्ये नळांच्या पाण्यासाठी मांडलं. सामू, तापमान, कॅल्शियम, अल्कलिनिटी आणि विरघळलेले एकूण क्षार एवढी माहिती त्याला पुरते. आज पोहण्याच्या तलावांनाही तेच लावतात.

आपल्याकडे दोन्ही टोकं भेटतात. धरणाचं पाणी म्हणजे साठवलेला पाऊस, त्यात क्षार थोडे. बोअरचं पाणी मात्र अनेक ठिकाणी इतकं जड की बादलीला पांढरी कडा धरते. त्यामुळे शेजाऱ्याच्या तलावाला लागू पडलेला उपाय आपल्याला लागू पडेलच असं नाही. त्यात निर्जंतुकीकरणाची भर. ट्रायक्लोरच्या गोळ्या सामू खाली ओढतात आणि पाणी आणखी भुकेलं करतात, तर ब्लीचिंग पावडर तो वर नेते. सामू ७.२ ते ७.८, कॅल्शियमची कठीणता लिटरला २०० ते ४०० मिलिग्रॅम, अल्कलिनिटी ८० ते १२०, हे सर्वसाधारण लक्ष्य. रंग बदलणाऱ्या थेंबांच्या साध्या किटने हे घरी तपासता येतं. अल्कलिनिटी कमी असेल तर खाण्याचा सोडा चालतो. पाणी फार जड असेल तर थोडं काढून पावसाचं भरणं हा सर्वांत स्वस्त उपाय.

आरोग्य पानावर हे कशासाठी, असं कुणी विचारेल. पाण्यातला क्लोरीन जंतू मारतो तो मुख्यतः हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात. सामू ७.५ असताना मोकळ्या क्लोरीनपैकी सुमारे निम्मा या रूपात असतो, ८ वर गेला की जेमतेम चौथा हिस्सा. आणि उसवलेल्या सांध्यांत शेवाळ आणि जंतूंचा चिकट थर बसतो. त्या थराच्या आत क्लोरीन नीट पोचत नाही. स्यूडोमोनास हा जंतू अशा जागी टिकून राहतो आणि पोहणाऱ्यांच्या अंगावर पुरळ, कानात दुखणं मागे ठेवतो. फुटक्या टाइलच्या धारेने मुलांच्या तळपायाला होणारी जखम वेगळीच.

सर्वांत काळजी मला वाटते ती ॲसिडची. बाथरूम घासायचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. ते डागाबरोबर सांधाही खातं, म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली आपण पुढच्या बिघाडाची सोय करतो. त्याहून वाईट म्हणजे तळाशी ब्लीचिंग पावडर उरलेली असताना ॲसिड ओतलं की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असतो, रिकाम्या तलावाच्या खोलगट भागात साचतो, आणि नेमक्या त्याच ठिकाणी एक माणूस उकिडवा बसून घासत असतो. मालक वर खुर्चीत असतो. जुने सांधे ग्राइंडरने कोरडे उकरले तर सिलिकाची बारीक धूळ त्याच माणसाच्या फुप्फुसात जाते. पाणी मारत कापणं आणि चांगला मास्क या गोष्टी मजुरीच्या हिशेबात धरायलाच हव्यात, त्यावर घासाघीस नको.

पेशवाईत कात्रजच्या तलावाचं पाणी पुण्याच्या हौदांत खेळवलं, ते चुन्याच्या बांधकामातून. चुन्याची बारीक चीर कधी कधी आपोआप भरते, कारण विरघळलेला चुना तिथेच पुन्हा बसतो. आधुनिक टाइल एवढी दयाळू नाही. लाकडी मुठीने तलावभर ठोकून पाहा. बद्द आवाज आला तर टाइल मागून सुटलेली आहे, नुसती फट भरून उपयोग नाही, ती काढून पुन्हा बसवावी लागते. टाइल कमी पाणी शोषणारी घ्या, स्वयंपाकघराच्या भिंतीची उरलेली नको. सांध्यांना इपॉक्सी ग्राउट महाग पडतं, पण त्यातून चुना जाण्याचा प्रश्न येत नाही.

आणि हे काम पावसाळ्यात काढू नका. जमिनीतली पातळी चढलेली असताना तलाव रिकामा केला, तर खालच्या पाण्याच्या दाबाने अख्खं बांधकाम वर उचललं जाऊ शकतं किंवा तडकू शकतं.