झाकली मूठ आणि रक्तातले जंतू

रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाचा मूळ आजार बरा होत आलेला असतो आणि एके दिवशी त्याला थंडी वाजून ताप भरतो, रक्तदाब खाली जातो. चार दिवसांनी नातेवाइकांना सांगितले जाते, ''इन्फेक्शन वाढले, औषधांना प्रतिसाद मिळाला नाही.'' हे वाक्य आता इतके अंगवळणी पडले आहे की, ते ऐकल्यावर पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. जंतू कोणता होता? तो रक्तात आला कुठून? कोणत्या औषधांना तो दाद देत नव्हता? आणि याच रुग्णालयात गेल्या वर्षभरात असे किती जणांच्या बाबतीत घडले? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे निदान केसपेपरात सापडण्याची शक्यता असते. चौथ्याचे उत्तर नातेवाइकांना मिळत नाही. कित्येक ठिकाणी ते खुद्द रुग्णालयालाही ठाऊक नसते. माझे म्हणणे या चौथ्या प्रश्नाविषयीच आहे.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत उमेदीची वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला रक्ताच्या नमुन्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. थुंकीत, जखमेत, लघवीत जंतू सापडला तर तो रोगाचे कारण आहे की नुसताच वस्तीला आलेला पाहुणा, यावर वाद घालता येतो. निरोगी माणसाचे रक्त मात्र निर्जंतुक असते. नमुना घेताना त्वचेवरचा जंतू चुकून शिरला नसेल, तर रक्तात जंतू सापडणे ही धोक्याची घंटाच. शिवाय दाखल झाल्यावर अठ्ठेचाळीस तासांनंतर हा संसर्ग उद्भवला, तर तो घरून आणलेला नसून बहुधा रुग्णालयातच जडलेला आहे, असे जगभर धरले जाते. म्हणून रुग्णालयाची खरी प्रकृती पाहायची तर रुग्णांच्या रक्ताची नोंदवही उघडावी.

ही नोंद ठेवायला फार मोठे शास्त्र लागत नाही. प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी रक्त घेऊन ते पोषक द्रव असलेल्या बाटल्यांत घालायचे. जंतू वाढला की तो ओळखायचा आणि निरनिराळ्या औषधांसमोर त्याला उभा करायचा. दोन-तीन दिवसांत उत्तर मिळते. आपल्याकडे घडते ते उलट. आधी घराजवळचे डॉक्टर एक औषध देतात, मग नर्सिंग होममध्ये दुसरे सुरू होते, मोठ्या रुग्णालयात तिसरे चढते, आणि हे सारे फसल्यावर रक्त तपासणीला जाते. तोवर साधे जंतू मेलेले असतात आणि उरलेले निगरगट्ट तेवढे बाटलीत उगवतात, किंवा काहीच उगवत नाही. परिणामी एकीकडे टक्केवारी फुगलेली दिसते, तर दुसरीकडे कित्येक रुग्णांची गणतीच होत नाही.

तरीही जे आकडे हाती आहेत ते झोप उडवणारे आहेत. देशातील २६ रुग्णालयांच्या ८९ अतिदक्षता विभागांत मे २०१७ ते ऑक्टोबर २०१८ या काळात शिस्तीने मोजणी झाली आणि २०२२ साली तिचे निष्कर्ष 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णालयात जडलेले रक्तसंसर्ग सापडले २,६२२. त्यांत सर्वाधिक आढळला तो क्लेबसिएला, आणि रक्तातल्या या क्लेबसिएलापैकी ७२ टक्के जंतू कार्बापेनेम गटाला दाद देत नव्हते. मेरोपेनेम हे याच गटातले. ते निकामी ठरले की डॉक्टरांच्या हाती मूत्रपिंडाला इजा करू शकणाऱ्या कोलिस्टिनसारखी मोजकीच औषधे उरतात. सर्वांत वाईट स्थिती होती नवजात बालकांच्या विभागांत. मोठ्या शिरेत घातलेली नळी, जिला डॉक्टर 'सेंट्रल लाइन' म्हणतात, ती एका रुग्णाला एक दिवस असली की तो एक नळी-दिवस. अशा हजार नळी-दिवसांमागे या बाळांत वीसहून अधिक रक्तसंसर्ग झाले. ज्यांनी अजून आईचा चेहराही नीट पाहिलेला नाही, त्यांच्या वाट्याला हे जंतू येतात.

ही मोजणी करणाऱ्यांचे कौतुकच केले पाहिजे. पण तिचे आकडे एकत्रित आहेत. अमुक रुग्णालयाचा दर किती, हे त्यातून तुम्हाआम्हाला कळत नाही. एनएबीएचचे प्रमाणपत्र हवे असणाऱ्या रुग्णालयांना असे दर काढावे लागतात, तेही बहुधा फायलींतच राहतात. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपल्या आरोग्यव्यवस्थेने फारच मनावर घेतलेली दिसते.

याचे मोठे उदाहरण २०१० सालचे. कार्बापेनेम निष्प्रभ करणाऱ्या एका विकराला शास्त्रज्ञांनी नवी दिल्लीचे नाव दिले होते. तो धारण करणारे जंतू भारतात आणि पाकिस्तानात, तसेच ब्रिटनमधील रुग्णांत आढळल्याचा लेख त्या ऑगस्टमध्ये 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात आला आणि एकच गदारोळ उठला. संसदेत संताप व्यक्त झाला, आरोग्य खात्याने निषेधाचे पत्रक काढले, परदेशी रुग्णांना भारतापासून तोडण्याचा हा कट असल्याची भाषा झाली. राजधानीचे नाव जंतूशी जोडणे अनुचित होते, हे मलाही मान्य आहे. पण त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी भारतीय वैद्यकांच्याच मासिकात तपासलेल्या २४ जंतूंपैकी २२ जंतूंत हाच विकर सापडल्याचे लिहिले होते. घरच्यांनी सांगितले तेव्हा कुणी ढिम्म हलले नाही; शेजाऱ्याने बोट दाखवले तेव्हा आपण बोटावरून भांडलो.

मूठ उघडली तर काय होते, हे इंग्लंडकडे पाहून कळते. मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचे, म्हणजे एमआरएसएचे, रक्तसंसर्ग कळवणे तिथे एप्रिल २००१ पासून सक्तीचे झाले आणि आकडे रुग्णालय-संस्थांच्या नावांनिशी प्रसिद्ध होऊ लागले. वृत्तपत्रांनी झोड उठवली, मंत्र्यांना उत्तरे द्यावी लागली. २००४ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. हात धुणे, नळ्या वेळेवर काढणे, दाखल होणाऱ्यांची तपासणी ही कामे व्यवस्थापकांच्या टेबलावर आली. २००३-०४ मध्ये सुमारे ७,७०० असलेली वार्षिक संख्या २०१२-१३ पर्यंत हजाराच्या आत आली. अमेरिकेतील मिशिगन राज्यात शंभरावर अतिदक्षता विभागांनी हात धुणे, त्वचा नीट निर्जंतुक करणे, नको असलेली नळी काढून टाकणे अशा पाच साध्या गोष्टींची यादी पाळली आणि दर मोजत राहिले. हजार नळी-दिवसांमागे सरासरी ७.७ असलेला दर दीड वर्षात १.४ वर आला. कोणतेही नवे औषध त्यासाठी शोधावे लागले नाही.

मोजणी म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही इंग्लंडनेच दाखवले. जून २०११ पासून तिथे ई. कोलायच्या रक्तसंसर्गाचीही नोंद सक्तीची झाली, पण तो आकडा एमआरएसएसारखा उतरला नाही. कारण त्याचे बरेचसे रुग्ण तो संसर्ग घरूनच घेऊन येतात. पण हे तरी कळले कशामुळे? मोजल्यामुळेच.

यावर रुग्णालयांचा आक्षेप मला ठाऊक आहे. आकडे जाहीर केले की लोक ज्याचा आकडा मोठा त्याला झोडपतील, आणि जो रक्त तपासतच नाही तो शून्य दाखवून मिरवेल. आक्षेप खोटा नाही. डॉक्टरांवर हात उगारणाऱ्या समाजात ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. म्हणूनच संसर्गाच्या संख्येबरोबर किती रुग्णांचे रक्त तपासले, हेही सांगणे सक्तीचे हवे. अतिदक्षता विभाग चालवूनही ज्याच्या नोंदवहीत वर्षभर एकही रक्तसंसर्ग नाही, त्या रुग्णालयाला हार घालण्याऐवजी आधी त्याने किती बाटल्या प्रयोगशाळेत पाठवल्या ते विचारावे. ज्याचा आकडा मोठा, पण दर सहामाहीला उतरतो आहे, ते रुग्णालय विश्वासाला अधिक पात्र आहे. गंभीर रुग्ण घेणाऱ्या मोठ्या रुग्णालयाची तुलना दहा खाटांच्या नर्सिंग होमशी करू नये, हेही ओघानेच आले.

दुसरा आक्षेप खर्चाचा. रक्ताच्या बाटल्यांना पैसे लागतात, प्रशिक्षित माणसे लागतात, हे खरेच. पण अंदाजाने दिलेल्या महागड्या औषधांचे आणि अतिदक्षता विभागातील वाढीव दिवसांचे बिल आज भरतो कोण? रुग्णाचे घर भरते, नाहीतर सरकारी योजना. त्या मानाने बाटली स्वस्तच.

राज्य सरकारला यासाठी नव्या आयोगाची गरज नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली खासगी रुग्णालयांना नोंदणीचे ठराविक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. अतिदक्षता विभाग असलेल्यांनी त्या अर्जासोबत रक्ततपासण्या, रक्तसंसर्ग, नळी-दिवस आणि औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचे आकडे जोडावेत, अशी अट घालता येईल. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून पैसे घेणाऱ्या रुग्णालयांनाही ती लावता येईल. सरकारी आणि महापालिका रुग्णालयांनी सुरुवात स्वतःपासून करावी, म्हणजे खासगीवाल्यांना बोट दाखवायला जागा उरणार नाही. केरळने २०१८ साली राज्याचा स्वतंत्र कृती आराखडा केला आणि पुढे राज्यभरातील जंतूंच्या औषध-प्रतिसादाचे अहवालही प्रसिद्ध केले. आपल्याकडे त्याहून कमी वैद्यकीय महाविद्यालये नाहीत, प्रयोगशाळाही नाहीत अशातला भाग नाही.

आणि आपण वाचकांनी? घरचे माणूस अतिदक्षता विभागात असेल तेव्हा, आवाज न चढवता, दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्त तपासणीला पाठवले का? दुसरी, ती नळी आजही लागणार आहे का? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. हे प्रश्न रोज शंभर घरांतून विचारले जाऊ लागले, तर नोंदवह्याही नीट लिहिल्या जाऊ लागतील.