ब्रेडचं मशीन आणि माझी वही



आपल्या भिशीच्या ग्रुपवर गेले पंधरा दिवस एकच विषय चालला आहे. ब्रेडचं मशीन घ्या, पन्नास रुपयांचा ब्रेड वीस रुपयांत घरी होतो, सहा महिन्यांत मशीनचे पैसे वसूल. त्यात आता पुढची उडी निघाली आहे. भिशीचे पैसे एकत्र करून तीन मशीन घ्यायची, वरवट बकालपासून शेगाव-संग्रामपूरपर्यंत आपल्या घरांना ब्रेड पुरवायचा आणि पुड्यावर छापायचं, "शुद्ध जैन ब्रेड".

मी या दोन्ही गोष्टींच्या विरोधात आहे. मशीन न पाहता बोलत नाही. पुण्याच्या मुलाने मागच्या वर्षी माझ्या वाढदिवसाला ते पाठवलं. माझ्या बी.कॉम.च्या डिग्रीचा घरात फारसा उपयोग झाला नाही असं यजमान गमतीने म्हणतात, पण घरात नवी वस्तू आली की मी तिचं पान उघडते. वर्षभर प्रत्येक ब्रेड वहीत मांडला आहे.

आधी कच्च्या मालाचा हिशोब, म्हणजे तुमची बाजूही नीट मांडली जाईल. एका ब्रेडला ४०० ग्रॅम पीठ लागतं. नुसत्या आपल्या लोकवन गव्हाच्या कणकेचा केला तर तो फुगत नाही. पहिला काढला तेव्हा सासूबाईंनी बोटाने ठोकून पाहिला आणि म्हणाल्या, "हे तं वीट झाली वं माय." म्हणून निम्मा मैदा घालावा लागला. मैदा ९ रुपये, कणीक ८, तेल-लोणी ५, दूध ४, साखर-मीठ १, यीस्ट ५, वीज ४. एकूण ३६ रुपये. भाजल्यावर वजन भरतं साधारण ६२० ग्रॅम. आमच्या दुकानात ४०० ग्रॅमचा पुडा ४५ रुपयांना, म्हणजे तेवढ्याच वजनाचा विकतचा ब्रेड ७० रुपयांचा. वीस रुपयांत होत नाही, पण ३६ मध्ये होतो. एका ब्रेडमागे ३४ रुपये वाचले. इथपर्यंत तुमचं म्हणणं मला मान्य.

ग्रुपवरचा हिशोब इथेच थांबतो. दुकानदाराच्या घरात जन्मलेल्या बायकांनी इथे थांबावं याचं मला नवल वाटतं. आपले वडील गल्ल्यावर बसून घसारा धरायचे, व्याज धरायचे. आपण स्वयंपाकघरात आलो की हे सगळं विसरतो?

मशीनची किंमत ८,५०० रुपये. मुलाने दिलं म्हणून फुकट नाही, कुणाच्या तरी खिशातून गेलेच. पाच वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाचा घसारा १,७०० रुपये. हेच पैसे बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला ५९५ आले असते. म्हणजे एकही ब्रेड न करता वर्षाला २,२९५ रुपये गेले. मी वर्षात ७० ब्रेड लावले. त्यातले ९ गाईला घातले. काही पहिले शिकताना बिघडले, काही वीज गेल्यामुळे. वीज थोडा वेळच गेली तर मशीन पुढे चालू राहतं, असं पुस्तिकेत लिहिलं आहे. आपल्याकडची वीज किती वेळ जाते ते मी तुम्हाला सांगायला नको. अर्धवट फुगलेला गोळा आत बसतो आणि आपण बाहेर.

सत्तर ब्रेडचा माल २,५२० रुपये. वरचे २,२९५. दहाव्या महिन्यात भांड्याच्या तळातून पाणी गळायला लागलं, पातं फिरेना. नवीन भांडं मागवलं, १,६०० रुपये. बेरीज ६,४१५. खाण्याजोगे ब्रेड ६१. एक ब्रेड पडला १०५ रुपयांना.

कुणी म्हणेल, भांडं गळलं हे तुमचं नशीब. ठीक आहे, ते सोडून देते. तरी ७९ रुपये. कुणी म्हणेल, आमचा एकही ब्रेड बिघडणार नाही. सत्तरच्या सत्तर धरते. ६९ रुपये. विकतचा ७०. वर्षभरात सगळं बिनचूक झालं, वीज एकदाही गेली नाही, तर वाचले ८५ रुपये. आणि त्यात माझ्या वेळेचा एक पैसाही धरलेला नाही. तो कुणीच धरत नाही, हे वेगळंच दुखणं आहे.

आता खरा खड्डा दाखवते. मशीन यायच्या आधी आमच्या घरात आठवड्याला एक पुडा यायचा, तोही नातवंडं हट्ट करतात म्हणून. वर्षाचे २,३४० रुपये. मशीन आल्यावर तेच पान ६,४१५ वर गेलं. कारण घरात मशीन आहे म्हणून ब्रेड होतो, ब्रेड आहे म्हणून लोणी येतं, जॅम येतो, चीज येतं. ते मी दुसऱ्या पानावर लिहिलं आहे आणि ते पान यजमानांना दाखवलेलं नाही. सवलत आहे म्हणून चार साड्या घ्यायच्या आणि दोन हजार वाचले म्हणायचं, त्यातलाच हा प्रकार. ब्रेडची तुलना आपण विकतच्या ब्रेडशी करतो, तिथेच चुकतो. तुलना करायची ती पोळीशी. तेवढ्याच ४०० ग्रॅम कणकेच्या चौदा पोळ्या होतात. सोळा रुपयांचं पीठ आणि थोडा गॅस. वाचवायचेच असतील तर पैसे इथे वाचतात, आणि ते आपल्या आज्या मशीन न घेता वाचवत होत्या. ज्वारीच्या भाकरीचं तर बोलायलाच नको.

माझ्या लहानपणी ब्रेड यायचा तो ताप आल्यावर. दूध-ब्रेड म्हणजे आजाऱ्याचं खाणं. बरं वाटलं की पुन्हा भाकरी. पाव हा शब्दसुद्धा आपला नाही, पोर्तुगीजांच्या 'पांव'वरून आलेला. गोव्यात ते पीठ फुगवायला माडाची ताडी घालत असत. आपल्या आज्या पावाला हात लावत नसत त्यामागे हे कारण असेल, किंवा नुसती सवय असेल. पण त्यांना विचारलं तर त्या एकच सांगायच्या, ते आंबवलेलं आहे.

आणि आता "शुद्ध जैन ब्रेड". मला पैशांपेक्षा हे जास्त लागलं आहे.

यीस्ट म्हणजे काय? बुरशीच्या जातीचा एकपेशीय जीव. त्या डबीतली बारीक मोहरीसारखी दाणेदार पूड झोपलेली असते. कोमट पाणी आणि साखर मिळाली की जागी होते, खाते, वाढते, वायू सोडते. त्या वायूने पीठ फुगतं. एका ग्रॅममध्ये अब्जावधी पेशी. मग मशीन तापतं आणि सगळ्या मरतात. डोळ्याला दिसत नाहीत म्हणून पाणी गाळून पिणाऱ्या आपण, मुद्दाम उठवून, वाढवून, भाजतो. वर चव आणि वास बदललेला पदार्थ म्हणजे चलितरस, बावीस अभक्ष्यांत मोजलेला. बेकरीत केला तर अभक्ष्य आणि आपल्या ओट्यावर केला तर शुद्ध, असं कुठल्या माताजींनी सांगितलं?

एकीने ग्रुपवर लिहिलं, यीस्टच्या डबीवर हिरवा ठिपका आहे. असणारच. हिरवा ठिपका सरकारच्या कायद्याचा आहे. बटाट्याच्या वेफर्सवरही तो असतो. कायद्याने शाकाहारी आणि आपल्या मर्यादेत बसणारं, या दोन गोष्टी एक नाहीत हे आपल्याला दहा वर्षांच्या असल्यापासून माहीत आहे.

पिठाच्या मर्यादेचं काय? पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. आहाराचा चौका लावतो तेव्हा आपण हे घड्याळ लावून पाळतो. मैद्याची पिशवी कधी दळलेली आहे? छापलेली तारीख वाचा आणि बोटं मोजा.

आणि या मशीनचा सगळ्यात मोठा गुण कोणता सांगतात? टायमर. रात्री साहित्य भरा, झोपा, सकाळी वासाने जाग येईल. हे मशीन १९८७ साली जपानमध्ये मात्सुशिता कंपनीने पहिल्यांदा बाजारात आणलं, नाव ठेवलं होम बेकरी. मळणं काही केल्या जमेना, तेव्हा त्यांच्याकडची एक बाई, इकुको तानाका, ओसाकाच्या एका हॉटेलातल्या मुख्य बेकरकडे शिकायला गेली. तो पीठ मळताना नुसतं दाबत नाही, ताणून पिळतो, हे तिने पाहिलं आणि मग मशीनला तसं वळण दिलं. हुशार बाई. तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण तिने ते ज्या घरासाठी केलं त्या घरात रात्री भिजवलेलं पीठ सकाळी खायला हरकत नसते. आपल्या घरात सूर्यास्तानंतर ताट नाही, पाणी लागलेलं पीठ रात्र ओलांडत नाही. मग ज्या टायमरचे पैसे आपण मोजतो तोच आपल्याला चालत नाही. रात्रभर अंधारात मशीन पीठ मळत बसणार आणि आपण आत प्रतिक्रमण करून झोपणार!

बेकरीच्या ब्रेडची बाजू मी घेत नाही. २०१६ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने ब्रेड-पाव तपासले, त्यात पोटॅशियम ब्रोमेट सापडलं आणि त्याच वर्षी सरकारने त्यावर बंदी घातली. पुड्यावरचे ते आकडे, २८२ वगैरे, बुरशी येऊ नये म्हणून घातलेले असतात. घरचा ब्रेड त्या मानाने स्वच्छ, हे खरं. ज्या घरात ब्रेड खातातच आणि आठवड्याला तीन-चार लागतात, त्यांनी मशीन घेतलं तर माझं काही म्हणणं नाही. त्यांनी घ्यावं, खावं. फक्त पैसे वाचवले म्हणू नये आणि शुद्ध म्हणू नये. ब्रेड खाते म्हणणारी बाई मला शुद्ध जैन ब्रेड खाते म्हणणारीपेक्षा जवळची वाटते.

आता माझ्याच घरातलं सांगते. ब्रेड आमच्याकडे आला कसा? माझी सून शाळेत शिकवते. सकाळी सातला घर सोडते. त्याआधी देवदर्शन, दोन मुलांचे डबे, आमचा चहा, यजमानांचा नाश्ता. ज्या दिवशी तिला जमलं नाही त्या दिवशी पहिला पुडा आला. मी त्या दिवशी तिला बोलले. अभक्ष्य, मर्यादा, सगळं ऐकवलं. पण पोळपाट हातात घेतला नाही. मुलाने मशीन पाठवलं ते आमच्यातली कटकट मिटावी म्हणून, हे मला नंतर कळलं. सासूने ब्रेडला नाव ठेवायचं, सुनेने पहाटे साडेचारला उठायचं, आणि मधे साडेआठ हजारांचं यंत्र. ग्रुपवर ज्या जणी मशीन मागत आहेत त्यातल्या निम्म्या सुना आहेत. त्यांना ब्रेड नको आहे, त्यांना सकाळचा अर्धा तास हवा आहे. तो भिशीच्या पैशांनी मिळत नाही. घरातल्या बाकीच्या माणसांनी उठून दिला तर मिळतो.

गेले तीन महिने आमच्याकडे असं चाललं आहे. त्या मशीनमध्ये नुसतं मळण्याचं बटण आहे. पहाटे ताजी कणीक, गाळलेलं पाणी आणि चमचाभर तेल घालून मी ते लावते. आपला हा खारपाण पट्टा, म्हणून जारचं पाणी घेते, ते आधी गाळून. गोळा छान मऊ होतो. भाजायचं बटण दाबतच नाही. मळून झालं की पोळ्या मी लाटते, भाजायला यजमान उभे राहतात. पहिले आठ दिवस त्यांनी निम्म्या करपवल्या. आता बऱ्या फुगतात. सूनबाई दोन डबे भरते आणि जाते. मशीनचा घसारा अजून चालूच आहे, तो मी लिहितेच आहे.

भिशीचा ठराव पुढच्या बैठकीत येणार आहे. मी वही घेऊन येते, ज्यांना आकडे तपासायचे त्यांनी तपासावेत. विकायचंच असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी काढावी लागेल आणि पुड्यावर साहित्य लिहावं लागेल. त्यात यीस्ट लिहायचं की नाही, आणि लिहिलं तर वर "शुद्ध जैन" कोण सही करून छापणार, एवढं आधी ठरवा. माझी सही मिळणार नाही. मशीनही सोबत आणते, कणीक कशी मळतं ते पाहा. पीठ मात्र कुणीतरी त्याच दिवशी दळलेलं आणा.